अंगणातल्या गुलाबाची पानं फिकी पडली? औषध मारण्याआधी पान उलटं करून बघा

वडगाव मावळ : व्हॅलेंटाईन डेचा माल एकदा गाडीत चढला की पवन मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांची धावपळ जरा कमी होते. डिसेंबरच्या मध्यावर छाटणी धरायची आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा फेब्रुवारीपर्यंत माल काढायचा, हे गणित आपल्याकडे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. घरच्या अंगणातल्या दोन-चार गुलाबांचं वेळापत्रक मात्र वेगळं. त्यांचा बहर आणि त्यांची दुखणी, दोन्ही त्यानंतर सुरू होतात. शिमगा ते पाडवा या दिवसांत.

या दिवसांत एक तक्रार घरोघरी ऐकू येते. गुलाब चांगला फुलला होता, अचानक पानं फिकी पडली, मग तांबूस झाली, आता गळायला लागली. पाणी कमी पडलं असं समजून पाणी वाढवलं जातं, फरक पडत नाही. मग घरातलं किंवा शेजारचं कुणी पॉलिहाऊसला कामाला असतं, त्यांच्याकडून थोडं औषध येतं. कधी थंड पेयाच्या बाटलीत, कधी कागदात पुडी बांधून. एक टोपण पाण्यात टाकून मारलं की चार दिवस झाड बरं दिसतं. पंधरा दिवसांनी आधीपेक्षा वाईट होतं.

असं का होतं आणि त्यात झाडापेक्षा माणसाला धोका जास्त कसा आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पानाच्या पाठीवर कोण बसलंय?

फेब्रुवारी संपता संपता मावळात दिवसा ऊन कडक लागतं, हवा कोरडी होते. ही हवा लाल कोळीला फार मानवते. कोळी म्हणजे किडा नव्हे. किड्याला सहा पाय असतात, याला आठ. हा कोष्ट्याच्या जातीचा, पण इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो. तो पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. वरून पाहिलं तर पानावर सुईनं टोचल्यासारखे पांढुरके-पिवळे ठिपके दिसतात. पुढं पूर्ण पान राखाडी-तांबूस पडतं आणि फार वाढला तर शेंड्याला बारीक जाळी धरते. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला म्हणायचा.

ओळखायची पद्धत सोपी आहे. खालच्या बाजूचं एक पान उलटं करा आणि मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा. मग फोटो मोठा करून बघा. हलणारे बारीक ठिपके, गोल अंडी, पांढरी टरफलं, सगळं दिसतं. फोटो नीट येत नसेल तर पांढऱ्या कागदावर पान दोन-तीनदा झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. नुसती धूळ असेल तर ती जागची हलत नाही.

धुळीचा विषय निघालाच आहे तर, रस्त्याकडेच्या घरांत हा त्रास आधी सुरू होतो. मुरमाचा रस्ता, खडी-क्रशरच्या गाड्या, कुठं वीटभट्टी. पानावर धूळ बसली की कोळीला ती सोयीची आणि कोळी खाणाऱ्या मित्रकिडींना अडचणीची. म्हणून एकाच गावात आतल्या आळीतला गुलाब हिरवागार आणि रस्त्यावरच्या घरातला करपलेला, असं दिसतं. काहींच्याकडं पानावर चुलीची राख टाकायची सवय आहे. माव्यावर तिचा थोडा उपयोग होत असेल, पण कोळी असलेल्या झाडावर राख म्हणजे आणखी धूळच. राख टाकायचीच तर मूठभर मातीत मिसळा.

दुसरी वाट आपल्या तालुक्याची खास. कोळी कपड्यावरून येतो. दिवसभर पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या दोन ओळींतून फिरलेल्या बाईच्या पदराला, ओढणीला, बाहीला कोळी लागतात. संध्याकाळी घरी येऊन त्याच कपड्यात अंगणातल्या झाडांना पाणी घातलं की ते नव्या घरी उतरतात. पॉलिहाऊसमध्ये कीड लागलेल्या भागातलं काम शेवटी करतात ते याचसाठी. घरी एवढंच करायचं : झाडांचं काम सकाळी कामाला जायच्या आधी करा, नाहीतर संध्याकाळी कपडे बदलून.

पहिलं औषध पाणीच

कोळी दिसला की आधी पाणी. नळीच्या तोंडावर अंगठा धरून जोराची धार पानाच्या खालच्या बाजूला मारायची. वरून कितीही पाणी ओता, उपयोग नाही, कारण तो बसलाय खाली. कुंडी असेल तर ती आडवी करून, माती सांडू नये म्हणून वर फडकं बांधून, पानं चोळून धुतली तरी चालतं. सकाळी लवकर धुवा म्हणजे दिवसभरात पानं सुकतात.

एकदा धुऊन भागत नाही. या उष्णतेत अंड्यापासून पूर्ण कोळी तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. धारेनं कोळी पडतात, पण चिकटलेली बरीच अंडी राहतात. त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी असं चार-पाच वेळा धुवावं लागतं. पंधरा दिवस नेटानं केलं तर घरच्या दहा झाडांना दुसरं काही लागत नाही. पूर्ण तांबूस पडलेली खालची पानं काढून पिशवीत भरा आणि जाळा, झाडाखाली टाकू नका.

पाण्यानं आटोक्यात येत नसेल तर निंबोळी. लोणावळ्याच्या बाजूला पाऊस जास्त, त्यामुळे तिकडं कडुनिंब फारसा दिसत नाही. तळेगाव-देहूकडं पाव्हणे असतील तर वाळलेल्या निंबोळ्या मागवून ठेवा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, त्यात चिमूटभर साधा साबण विरघळवून ठेवायचा आणि ऊन उतरल्यावर मारायचं. हा झाला पाच टक्के अर्क. कृषी सेवा केंद्रात तयार निंबोळी औषधही मिळतं. १५०० पीपीएमचं असेल तर लिटरला ३ ते ५ मिली घ्या. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वेगळं असेल तर डब्यावरचं धरा. भांड्याची किंवा कपड्याची पावडर वापरू नका, तिनं पान भाजतं. आणि पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट बघा.

जालीम औषधानं कोळी वाढतो कसा?

हे पटायला जड जातं, पण खरं आहे. आपल्या झाडावर कोळी असतो तसे कोळीला खाणारेही असतात. शिकारी जातीचे कोळी, बारके ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या. सायपरमेथ्रीनसारखं सरसकट कीटकनाशक मारलं की हे सगळे मरतात. कोळी मात्र कीटक नसल्यानं बऱ्याच कीटकनाशकांना दाद देत नाही. मैदान मोकळं झालं की तो आठवड्याभरात दुप्पट-चौपट होतो. कोळीसाठी वेगळी कोळीनाशकं असतात, पण तेच तेच वापरलं तर काही पिढ्यांत त्यालाही तो जुमानत नाही. पॉलिहाऊसवाले मार्च-एप्रिलमध्ये औषधं आलटून-पालटून वापरतात ते याचसाठी, आणि तरीही त्यांची दमछाक होते. केनियात गुलाबाची मोठी शेती आहे, तिथं बऱ्याच बागांत शिकारी कोळी विकत आणून सोडतात. आपल्या अंगणात ते फुकट येतात. फक्त त्यांना मारायचं नाही.

बाटलीतलं औषध घरी आणू नका

आता माणसाचं. पॉलिहाऊसचं औषध शंभर-दोनशे लिटरच्या टाकीच्या हिशोबानं मोजलेलं असतं. कोळीच्या काही औषधांचं प्रमाण लिटरला अर्धा मिलीच्या आसपास असतं. बाटलीचं टोपण पाच ते दहा मिलीचं. म्हणजे एक लिटरच्या स्प्रेमध्ये 'एकच टोपण' टाकलं तर दहा ते वीस पट औषध गेलं. तेही कुठं? जिथं कोंबड्या फिरतात, रांजण ठेवलेला असतो, आणि नेमक्या याच दिवसांत पापड, कुरडया, मिरच्या वाळत घातलेल्या असतात. पॉलिहाऊसमध्ये फवारणीनंतर काही तास आत जायला बंदी असते. अंगणात पोरगं पाच मिनिटांत झाडापाशी पोचतं.

थंड पेयाच्या बाटलीतलं औषध तर घरात असूच नये. त्याला लेबल नसतं. मूळ डब्यावर एक चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे 'निर्धोक' असा अर्थ नाही, त्यातल्या त्यात कमी विषारी इतकाच. बाटली बदलली की हा रंग गेला, नाव गेलं, उताऱ्याची माहितीही गेली. काही झालं तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काय पोटात गेलं? 'पॉलिहाऊसचं औषध' हे त्याचं उत्तर होत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ती रोज शेतात राबणारी, औषधाची सवय असलेली माणसं होती. दोन गुलाबांसाठी तसली जोखीम घरात आणायचं कारण नाही. फवारल्यावर मळमळ, घाम, लाळ सुटणं, डोळ्यांपुढं अंधुक होणं असं काही वाटलं तर अंगावरचे कपडे काढून साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाचा डबा बरोबर न्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, काही औषधांत त्यानं जास्त इजा होते.

मजुरी करणाऱ्या बाईला 'घरच्या झाडाला घेऊन जा थोडं' म्हणून मालकानं औषध काढून देणं, हाही प्रेमाचा प्रकार असेल, पण तो बंद व्हायला हवा. द्यायचंच असेल तर दोन निळे चिकट सापळे द्यावेत.

बाकीचे पाहुणे

सापळे कशाला, तर फुलकिड्यांसाठी. कळी उमलताना पाकळ्यांच्या कडा तपकिरी, कळी वाकडी किंवा अर्धीच उघडते, तर समजायचं थ्रिप्स. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की काडीसारखे बारीक किडे पळताना दिसतात. ते कळीच्या आत असतात, त्यामुळे वरून मारलेलं औषध पोचत नाही. खराब कळ्या आणि कोमेजलेली फुलं रोज काढून टाकणं हाच मोठा उपाय. आपल्याकडे देवाला चार फुलं नेली की बाकीची झाडावरच वाळतात, तिथंच फुलकिडे वाढतात. पांढऱ्या-पिवळ्या फुलांवर डाग लगेच दिसतात, लाल फुलावर असूनही कळत नाहीत.

मावा सगळ्यांना ठाऊक आहे. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळपट किडे दाटीनं बसतात, पान चिकट होतं, मुंग्या ये-जा करतात. मुंग्या माव्याचा गोड पाझर खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात. पाण्याच्या धारेनं मावा पडतो. माव्याजवळ काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी छोटी अळी दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची पिल्लावळ आहे, मावा खाऊनच मोठी होते.

खवले कीड मात्र चिवट. खोडावर पांढुरकं किंवा तपकिरी खरूज आल्यासारखं दिसतं, खरडलं की निघतं. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा आणि फारच भरलेली फांदी कापून जाळा.

भुरीचं वेगळं. ही बुरशी. पण बाकीच्या बुरशींना पान ओलं लागतं, हिला लागत नाही. दिवसा गरम कोरडं आणि पहाटे गार-दमट, असं हवामान मिळालं की कोवळी पानं पीठ मारल्यासारखी पांढरी होऊन वळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोणावळा, कार्ला, पवना धरणाच्या कडेची गावं, इथं असंच हवामान असतं. झाड भिंतीला चिकटून असेल तर जास्त. आतल्या काड्या काढून हवा खेळती करा. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला २ ग्रॅम मारलं तर आटोक्यात येतं. दोन गोष्टी सांभाळा. उन्हाचा पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पान करपतं. आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. घरात गंधक नको असेल तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळी उन्हात मारून बघा. ब्राझीलमध्ये भोपळावर्गीय पिकावर याचा प्रयोग झाला होता, १९९९ मध्ये तो छापूनही आला. गुलाबावर पूर्ण भुरी जाईलच असं नाही, पण पसरायची थांबते.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येत असेल तर त्याला पॉलिहाऊसवाले डायबॅक म्हणतात. काळ्या भागाच्या दोन बोटं खाली, आतून हिरवा-पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात एकत्र करायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको.

पॉलिहाऊसचं झाड घरी आणलं असेल तर

पॉलिहाऊसमध्ये पाच-सात वर्षांनी जुनी झाडं उपटतात. ती बांधावर पडलेली बघून कुणालाही वाटतं, दोन घरी न्यावीत. न्यायला हरकत नाही, पण ही हॉलंडच्या जातीची, फुलदाणीसाठी तयार केलेली झाडं आहेत. त्यांचा दांडा लांब आणि फूल टिकाऊ, वास मात्र नावाला. प्लास्टिकखाली वाढलेली असल्यानं मावळातला पाऊस त्यांना सोसत नाही, जुलैत पानांवर काळे ठिपके पडून काड्या उरतात. आणलीच तर एक-दीड फुटावर छाटा, सगळी पानं काढून जाळा, खोड धुवा आणि बाकीच्या गुलाबांपासून महिनाभर लांब ठेवा. नाहीतर कोळी आणि खवले कीड त्यांच्याबरोबर पाव्हणी येते.

अशा झाडाला आणि नर्सरीतल्या कलमालाही खाली रानगुलाबाचा खुंट असतो, वर डोळा भरलेला असतो. जोडाच्या खालून जोरदार फूट निघाली, तिचं पान आणि काटे वरच्यापेक्षा वेगळे दिसले, तर ती खुंटाची फूट. झाड जोमात आलं म्हणून लोक खुश होतात आणि वर्षभरात वरचं कलम मरून रानगुलाब उरतो. ती फूट बुडातून ओढून काढा. नुसती कापली तर परत येते.

अंगणासाठी आपला गावठी गुलाबी गुलाब अजूनही सगळ्यात भरवशाचा. फूल दोन दिवसांत गळतं हे खरं, पण पाऊस सोसतो आणि वास आळीभर जातो. गुलकंदही त्याचाच होतो. गेल्या महिनाभरात निंबोळीशिवाय दुसरं काही मारलं असेल तर त्या फुलांचा गुलकंद घालू नका. बाजारातल्या किंवा पॉलिहाऊसच्या पाकळ्यांचा तर अजिबात नको. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात.

छाटणी, पाणी आणि तूस

मोठी छाटणी आता करायची नाही. ती पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरअखेर. आता फक्त फुलून गेलेली फुलं काढायची. फुलाखाली पहिलं पूर्ण पाच पानांचं पान असेल आणि डोळा बाहेरच्या बाजूला असेल, तिथं त्याच्या पाव इंच वर तिरपा काप. तिथून नवी फूट निघून दीड महिन्याच्या आसपास परत फूल येतं. म्हणजे पाडव्याला कापलेल्या फांदीवर वैशाखात फूल.

पाणी सकाळी आणि बुडाला. मार्चनंतर कुंडीला रोज लागतं, जमिनीतल्या झाडाला माती बघून दोन-तीन दिवसांनी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. गिरणीत भाताचं तूस मिळतं, ते कुजलेल्या शेणखताबरोबर मातीत मिसळलं तर माती भुसभुशीत राहते. पॉलिहाऊसचे बेडही लाल माती, शेणखत आणि तूस घालूनच भरतात. वर पेंढ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते. ताजं शेण बुडाशी घालू नका, त्यात हुमणी होते.

काहीच कळत नसेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून गावच्या कृषी सहायकांना पाठवा. दुकानदाराला दाखवलं तर तो औषधच देणार, त्याचा धंदा आहे. वडगावला तालुका कृषी कार्यालय आहे. तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊस शेतीचं प्रशिक्षण मिळतं, आणि फुलांवर संशोधन करणारं केंद्र सरकारचं पुष्प संशोधन संचालनालय तर पुण्यातच आहे.

मेअखेरपर्यंत कुंड्या वळचणीखालून हलवून ठेवा. पहिल्या वळवाला कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांनी माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात.